पहिल्या पंगतीचं बुकिंग

नंबर देणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. साताऱ्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी बाहेरच्या टेबलावर बसते आणि पेशंटची नावं लिहून घेते. मधे घुसणारा माणूस मला पायरी चढतानाच ओळखू येतो. 'नुसता रिपोर्ट दाखवायचाय' म्हणणारे, 'डॉक्टर आमच्या पाहुण्यांतले' म्हणणारे, म्हाताऱ्या सासूला पुढं करून स्वतःची कंबर दाखवून येणारे, सगळे माझ्या ओळखीचे. पंधरा वर्षांत मी एकालाही मधे सोडलेलं नाही. म्हणूनच माझा नंबर माझ्याच घरच्यांनी खाल्ला, हे मला अजून पचलेलं नाही. लिहून काढलं तर पचेल असं वाटतंय, बघू.

आधी आईबद्दल सांगते. आष्ट्यात एसटी स्टँडच्या मागं तिची खानावळ होती. वडील लवकर गेले, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं असं ती म्हणते. सहा टेबलं, बारा बाकडी, आणि महिन्याचे मेंबर: बँकेतले क्लार्क, शाळेतले मास्तर, मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर. तिचा कायदा एकच. मेंबरला उशीर झाला की ती त्याचं ताट वाढून घ्यायची, वर दुसरं ताट पालथं घालायची आणि फळीवर ठेवून द्यायची. मग कोणीही येवो, त्या ताटाला हात नाही. एकदा एक फौजदार आला. भाजी संपली होती, आणि फळीवरचं पालथं ताट त्याला दिसत होतं.

"ते द्या की मावशी," तो म्हणाला.

"ते मास्तरांचं हाय सायेब. तुमाला पिठलं टाकते. धा मिंटं बसा."

फौजदार बसला. मास्तर आले तेव्हा त्यांचं ताट जसंच्या तसं होतं. ही गोष्ट आष्ट्यात बरीच वर्षं सांगितली जायची, आणि मी शाळेत त्या जोरावर मिरवायचे.

पण त्या सहा टेबलांपैकी एकाही टेबलावर मी आईला जेवताना पाहिलेलं नाही. शेवटचा मेंबर हात धुऊन गेला की ती शेगडीजवळ पाटावर बसायची आणि उरलेली आमटी, भात, जे असेल ते पातेल्यातच कालवून खायची. ताटसुद्धा घ्यायची नाही, घासावं लागतं म्हणून. तीस वर्षं. मग गुडघ्यांनी हात टेकले आणि खानावळ बंद झाली.

माझा थोरला भाऊ, दादा, सांगलीत असतो. त्याच्या दोन मुलांनी गेल्या वर्षी मुंबईच्या वाटेवरच्या एका थीम पार्कचा हट्ट धरला. मोठमोठे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, चालत्याबोलत्या बाहुल्या असं सगळं त्यांनी मोबाइलवर बघून ठेवलं होतं. दादानं गाडी ठरवली. तो, वहिनी, दोन पोरं, आई आणि मी, असे सहा जण. आई लग्नाला आणि देवाला सोडून कुठं गेलेली नव्हती, तिला न्यायचंच असं मीच म्हणाले.

"बुकिंगचं तू बघ," दादा म्हणाला. "तुझं कामच हाय ते."

मी पार्कची वेबसाइट उघडली. पाळण्यांची पानं पटापटा पुढं सारली आणि खाण्याच्या पानावर येऊन थांबले. वरच्या मजल्यावर एक हॉटेल होतं. खाली स्टॉल होते, तिथं पावात घातलेलं काहीबाही मिळायचं, ते उभ्यानं खायचं. पण वर मात्र टेबलखुर्ची, थाळी, आणि वाढायला माणसं. खिडकीकडच्या टेबलांवरून खालचा चौक दिसायचा आणि दुपारी एक वाजता त्या चौकातून बाहुल्यांची मिरवणूक जायची. टेबल तीस दिवस आधी धरावं लागायचं, सकाळी दहा वाजता, एकेकाचं नाव घालून. एका टेबलाला सहा माणसं आणि एक तास.

तेव्हाच माझं ठरलं. आईला तिथं बसवायचं. पहिल्या पंगतीला, खिडकीकडं. आणि कोणीतरी अनोळखी माणसानं येऊन तिला विचारायचं, 'आणखी काय वाढू?' एवढं एक झालं असतं तर बाकीचं पार्क बंद असतं तरी मला चाललं असतं.

ठरलेल्या दिवशी दहाला पाच कमी असतानाच मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरसमोर बसले. बाकड्यांवर अकरा पेशंट खोकत होते. एक आजोबा दोनदा उठून आले, 'माझा नंबर कवा?' म्हणून, आणि त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं की कॉम्प्युटर बंद आहे. दहा वाजले. खिडकीकडचं एक टेबल माझ्या डोळ्यांदेखत गेलं, दुसरं मी पकडलं. साडेबारा ते दीड. सहा नावं टाकली. आईचं सगळ्यात वर टाकलं. ओटीपी आला तो मी आकडा आकडा मोठ्यानं वाचत टाकला, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

शेवटी एक चौकोन होता. काही विशेष प्रसंग आहे का? वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, इतर. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं: आईनं तीस वर्षं खानावळ चालवली. सगळ्यांना वाढलं. आज तिनं बसायचं आहे.

बुकिंगचा कागद घरच्या ग्रुपवर टाकला. दादानं अंगठा दाखवला. आईकडे साधा फोन आहे, म्हणून तिला फोन करून सांगितलं.

"टेबल धरलंय? म्हंजे रुमाल टाकलास व्हय?" ती म्हणाली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, एवढंच बुकिंग तिला माहीत.

"तसंच समज. महिनाभर आधी टाकलाय."

"आन् वाढणार कोण?"

"ते लोक वाढणार. तू बसायचं."

तिकडं तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग "बरं" म्हणाली. तिच्या त्या एका 'बरं'वर मी महिना काढला.

जायच्या दिवशी सकाळी मी साताऱ्यात हायवेच्या पुलाखाली उभी होते. गाडी यायला तासभर उशीर झाला. दार उघडलं तर पुढच्या सीटवर कोरेगावचे व्याही बसलेले, त्यांच्या मागं विहीणबाई. वहिनीचे आईवडील. गाडी कोरेगाववरून फिरून आली होती. मी नमस्कार केला, हसले आणि मागं आईशेजारी जाऊन बसले.

"दादा, टेबल सहाचंच आहे," मी हळूच म्हणाले.

"बघू की तिथं. करत्यात अॅडजस्ट," तो पुढं बघतच म्हणाला. वहिनी धाकट्याची टोपी सारखी करत होती. टोपी आधीच सरळ होती.

गेटवर पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, अशी पाटीच होती. आईच्या पिशवीत फडक्यात बांधलेलं काहीतरी निघालं. "शुगरचं हाय रं बाबा," आई गेटवरच्या माणसाला म्हणाली, "डाक्टरनी सांगितलंय." त्यानं तिच्या वयाकडं बघून सोडलं. आईला शुगर नाही. मी दवाखान्यात काम करते, तिचे रिपोर्ट माझ्याच कपाटात आहेत. मला हसू आलं. म्हटलं, जन्माची सवय, चार घास जवळ असल्याशिवाय ही घराबाहेर पडायची नाही.

सव्वाबाराला आम्ही हॉटेलच्या जिन्यापाशी पोचलो. व्याही-विहीण पोरांना घेऊन पहिल्या पायरीपर्यंत पुढं गेले होते. काउंटरवर एक मुलगी होती. मी बुकिंगचा नंबर सांगितला. तिनं नावं वाचली. दादाचं. वहिनीचं. पोरांची दोन. मग व्याह्यांचं, आणि शेवटी विहीणबाईंचं.

"हे चुकलंय," मी म्हणाले. "पहिलं नाव माझ्या आईचं आहे."

मुलीनं पुन्हा बघितलं. "नाही मॅडम. दहा दिवसांपूर्वी फोन करून दोन नावं बदललीयेत."

मी दादाकडं वळले. त्याला बोलायचंच होतं असं दिसलं, कारण तो एका दमात बोलला. "आठ जणांचं टेबल देत न्हवते. मग काय करू? मामा-मामी पहिल्यांदा आपल्या गाडीतनं आल्यात. त्यांना खाली उभं करून आपण वर बसायचं व्हय? तू आन् आई दुसऱ्या पंगतीला बसा. आपल्यात असंच असतंय की."

"दुसरी पंगत?" काउंटरवरच्या मुलीला काही समजलं नाही. मी तिला समजावून सांगितलं. आधी पाहुणे, ते उठले की घरची माणसं. ती म्हणाली, "तसं नसतं मॅडम. पुढचे सगळे स्लॉट फुल आहेत. संध्याकाळचेपण."

खोटं कशाला सांगू, दादाचा चेहरा पडला. त्याला खरंच वाटलं होतं की साडेबाराचे उठले की त्याच टेबलावर आम्हाला वाढतील. लग्नाच्या मांडवात वाढतात तसं. सांगलीत मोठ्या शोरूमला मॅनेजर आहे, पण पंगत म्हटली की त्याच्या डोक्यात अजून आष्ट्याचा मांडव उभा राहतो. तो क्षणभर घुटमळला. मला वाटलं, आता तो आईला म्हणेल, तू चल, मी थांबतो खाली.

"बघ की बाई काय जमतंय का," तो त्या मुलीला म्हणाला, आणि सासऱ्यांच्या मागं जिना चढून गेला.

मी भांडायला तोंड उघडलं होतं. आईनं माझं मनगट धरलं. "चल, हितं बसू. गार हाय."

हॉटेलच्या खाली चौकाच्या कडेला बाक होता. आई बसली, पिशवी मांडीवर घेतली, फडकं सोडलं. भाकऱ्या, शेंगाची चटणी, दोन कांदे. मी बघतच राहिले. भाकऱ्या चार होत्या.

माझ्या आईचा माणसांचा अंदाज कधी चुकत नाही. दारातून आत येणाऱ्या माणसाच्या चालण्यावरून तो किती खाणार हे तिला कळायचं. साध्या सांगलीच्या फेरीलाही ती गाडीतल्या सगळ्यांना पुरून उरेल एवढं बांधते, ड्रायव्हरसकट. आणि आज आठ माणसांच्या गाडीत चार भाकऱ्या.

"चारच?" मी विचारलं.

"दोघींना किती लागत्यात?"

"तुला ठाऊक होतं."

ती कांदा फोडत होती. बुक्कीनं फोडते ती, अजूनही. "धा दिस झालं. त्यानं इचारलं, मी व्हय म्हणलं."

"आणि मला?"

"तू भांडली असतीस."

भांडलेच असते. दादाचा मला राग आला होता, पण तो राग ओळखीचा होता, लहानपणापासूनचा. हे मात्र वेगळं होतं. मी जिच्यासाठी नंबर लावला तीच आतून फितूर होती. तीस दिवसांतले शेवटचे दहा दिवस मी रोज तिच्याशी फोनवर बोलले होते. खिडकी कशी असेल, मिरवणूक कशी असेल, तू निळं लुगडं नेस, त्या रंगात तू उठून दिसतेस. ती 'व्हय, व्हय' म्हणत राहिली होती. निळं लुगडं नेसून आलीही होती.

"आई, ते तुझं ताट होतं," मी म्हणाले. "मास्तरांचं ताट फौजदाराला दिलं नाहीस तू."

"मास्तरांचं हुतं म्हणून न्हाई दिलं," ती म्हणाली. "हे माझं हुतं. माझं मी दिलं. दुसऱ्याचं कवा दिलंय?"

तिनं एक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि उरलेल्या अर्धीचा घास घेतला. तेवढ्यात वरच्या खिडकीतून टाळ्या ऐकू आल्या. बऱ्याच जणांच्या. कुणाचा तरी वाढदिवस असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

टाळ्या थांबतात तोच विहीणबाई जिना उतरून आल्या. एकट्याच. हातात एक गुलाबाचं फूल आणि एक कार्ड. त्या दिसताच आईनं मांडीवरच्या भाकऱ्यांवर पदर ओढला. तोंडातला घास तिनं चावला नाही, तसाच गिळला.

"आवं विहीणबाई, वर कायतरी घोळ झालाय," त्या म्हणाल्या. "समदी पोरं आली वाढायची, मला मधी घेतलं आन् टाळ्या वाजवल्या. तीस वर्सं खानावळ चालवली म्हणं मी. मी कवा चालवली खानावळ? आमचं मालक तिकडं हसाय लागलं. मग ध्यानात आलं, हे तुमचं हाय."

त्यांनी कार्ड पुढं केलं. माझी तीन वाक्यं सुबक अक्षरात छापलेली होती. कोपऱ्यावर श्रीखंडाचा डाग पडला होता.

"जावयबापू म्हणलं तुमचा उपास हाय, तुमी वर यायच्या न्हाईसा," विहीणबाई म्हणाल्या. "न्हाईतर मी अशी बसली नसती वो."

मला वाटलं, आता. आता आई पदर बाजूला करेल. नुसता हात हलवला असता तरी झालं असतं.

"व्हय की," आई म्हणाली. "उपासच हाय."

"आज कसला?"

"असाच. धरलाय."

विहीणबाईंनी आईच्या बोटांकडं बघितलं. बोटांना चटणी लागली होती. मग त्यांनी माझ्या हातातल्या अर्ध्या भाकरीकडं बघितलं. त्या भल्या बाई आहेत, हे मला कबूल करावं लागेल. फूल आणि कार्ड बाकावर ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकत पुन्हा जिना चढून गेल्या. त्यांनी तरी खाली बसायचं होतं आमच्याजवळ, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, बसून काय बोलल्या असत्या?

"जेव आता," मी आईला म्हणाले.

"आता कसं? वरनं दिसतंय समदं."

मी मान वर केली. खरंच दिसत होतं. मी महिनाभर आधी धरलेली खिडकी बरोबर आमच्या बाकावर उघडत होती. काचेमागं पोरं होती, व्याही होते, आणि एक माणूस वाकून त्यांना काहीतरी वाढत होता. दादा आमच्याकडं पाठ करून बसला होता.

एक वाजता मिरवणूक आली. उंच बाहुल्या, ढोल, रंगीत धूर. आईनं फडक्याच्या गाठी पुन्हा बांधल्या, पिशवी पोटाशी धरली आणि बघत राहिली. "झ्याक हायत गं," ती म्हणाली. एका बाहुलीनं तिला हात केला, तिनंही केला.

त्या दिवशी तिनं पुढं काही खाल्लं नाही. येताना घाट चढून झाल्यावर सगळे उतरले, वडापाव घेतले. आईनं चहा घेतला, उपासाला चालतो म्हणून. विहीणबाईंनी तिच्यासाठी केळी विकत आणली आणि तिच्या हातात दिली. आईनं ती धाकट्या नातवाला दिली. साताऱ्यात मी उतरले तेव्हा पिशवीत घासभर कमी साडेतीन भाकऱ्या होत्या. माझी अर्धीसुद्धा मी खाल्लेली नव्हती, पण ती मी वाटेत कुत्र्याला घातली. मोजायची सवय तिचीच, मला लागलीय.

दादाशी मी चार महिने बोलले नाही. त्यानं दोनदा फोन केला. एकदा म्हणाला, "आईचं काय म्हणणं न्हाई, तुझंच लय." खरं होतं ते. आईचं काहीच म्हणणं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग होता. दादानं माझा नंबर खाल्ला, पण दार त्याला आईनं उघडून दिलं. तीस वर्षं जिनं कुणाची जागा हलू दिली नाही, तिनं माझ्या कष्टानं धरलेली जागा मला न विचारता देऊन टाकली आणि वर म्हणाली, माझीच होती. ती नुसती तिची नव्हती. ती मी धरलेली होती. एवढं साधं तिला कळू नये?

गेल्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी न सांगता आष्ट्याला गेले. आई घरात एकटीच होती. मला आत घेऊन तिनं कडी लावली, कारण त्या गल्लीत कुत्री आत शिरतात. वांग्याची भाजी झाली होती, भाकऱ्या टोपलीत होत्या. खानावळीतली ताटं तिनं अजून टाकलेली नाहीत, फळीवर रचून ठेवली आहेत.

"तू बस," मी तिला म्हणाले. "आज मी वाढणार. दोघी बरोबर जेवायचं."

तिनं माझ्याकडं बघितलं. पदराला हात पुसून पाटावर बसली. मला बरं वाटलं. मी दोन ताटं काढली, पुसली. भाजी, भाकरी, कांदा, ठेचा, वाटीत दही. तिचं ताट आधी वाढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. मग माझं वाढून समोर बसले. पार्कातलं राहिलं ते इथं होतंय, असं मनात आलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी ठेच्यावर ढकललं.

"आणखी काय वाढू?" मी विचारलं.

आई उठली. फळीवरून एक ताट काढलं, आपल्या वाढलेल्या ताटावर पालथं घातलं आणि दोन्ही उचलून फळीवर ठेवलं.

"हे काय?"

"असू दे. कोण आलं तर." ती माझ्या भाकरीवर तूप घालायला वाकली. "तू जेव. माझं मागनं."

मी दाराकडं बघितलं. कडी आतून लावलेली होती.